पॉम्पेई, हर्क्युलेनियम आणि व्हेसुव्हियस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत बहुतेक मराठी मंडळी रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस असा बेत आखतात आणि दक्षिणेकडचा एक दिवस 'पॉम्पेई' म्हणून, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या रोमन शहरासाठी, राखून ठेवतात. त्या दिवसाबद्दल, आणि तो वाढवावा का याबद्दल, जे प्रश्न हमखास येतात त्यांची ही उत्तरं. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या.

रोमहून एका दिवसात पॉम्पेई आणि ज्वालामुखी दोन्ही होतं का?

होतं, पण घड्याळाकडे बघत होतं. रोम ते नेपल्स वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास, पुढे लोकलने पॉम्पेईला पस्तीस-चाळीस मिनिटं, मग डोंगरावर जाणारी बस, वरची चढण, आणि हाच सगळा प्रवास उलटा. सहल कंपन्या हे रोज करतात. त्यांच्या कार्यक्रमात पॉम्पेईला दोन तास मिळतात आणि त्यातला बराच वेळ झेंडा धरून चालणाऱ्या गाइडच्या मागे पळण्यात जातो.

आमचा सल्ला असा की नेपल्सला निदान दोन रात्री काढा. पॉम्पेई, त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं शेजारचं हर्क्युलेनियम, व्हेसुव्हियस आणि नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय ही चार वेगवेगळी 'प्रेक्षणीय स्थळं' म्हणून पाहिली की प्रत्येक ठिकाणी काहीतरी अपुरं वाटतं. पॉम्पेईच्या घरांत भिंती आहेत पण सामान नाही, संग्रहालयात सामान आहे पण घर नाही, आणि डोंगरावर तर नुसता खड्डाच. इसवी सन ७९ मधल्या दोन दिवसांत जे घडलं ते या चारही ठिकाणी विखुरलंय.  पहिल्या दिवशी सकाळी व्हेसुव्हियस आणि दुपारी हर्क्युलेनियम करा, कारण डोंगरावर जाणाऱ्या छोट्या बस हर्क्युलेनियमच्या स्टेशनाबाहेरूनच सुटतात. दुसरा दिवस पॉम्पेईला पूर्ण द्या. संग्रहालयाला आणखी अर्धा दिवस लागेल. तेवढा वेळ नसेल तर खालचं उत्तर वाचा.

वेळ कमी आहे. पॉम्पेई की हर्क्युलेनियम?

नाव पॉम्पेईचं मोठं आहे, त्यामुळे घरी परतल्यावर 'पॉम्पेई पाहिलं का?' हाच प्रश्न होणार. तरीही हातात तीनच तास असतील, सोबत दमणारी माणसं असतील किंवा ऊन कडक असेल, तर हर्क्युलेनियमला जा.

पॉम्पेईचा आवाका ६६ हेक्टरचा आहे आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग अजून मातीखालीच आहे. तीन तासांत त्याचा एक कोपरा होतो. हर्क्युलेनियमचा उघडा भाग लहान आहे, दोन-अडीच तासांत नीट फिरून होतो, आणि पॉम्पेईत जे टिकलं नाही ते तिथे टिकलं: लाकूड. जळून कोळसा झालेले दारांचे पट्टे, वरच्या मजल्याच्या तुळया, पलंग, एका घरात दिवाणखाना वेगळा करणारा घडीचा लाकडी पडदा. दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्या आजही रस्त्यावर झुकलेल्या दिसतात. रोमन माणूस कशा घरात राहत होता हे कळायला हर्क्युलेनियम चांगलं, आणि रोमन शहर केवढं होतं हे कळायला पॉम्पेई.

हर्क्युलेनियमच्या तळाशी जुन्या किनाऱ्यालगत कमानींची एक रांग आहे. त्या नावा ठेवण्याच्या कोठ्या. शहर जवळजवळ रिकामं सापडल्यामुळे इथले लोक वेळेत निसटले असाच समज बरीच वर्षं होता. १९८० नंतरच्या उत्खननात या कमानींमध्ये सुमारे ३०० सांगाडे सापडले. ही माणसं समुद्रमार्गे सुटका होईल म्हणून तिथे थांबली होती. आज समुद्र तिथून बराच दूर आहे, कारण त्या उद्रेकाने किनाराच पुढे ढकलला.

रेल्वेने कसं जायचं? स्टेशनच्या नावांत गोंधळ होतो म्हणतात.

होतो, आणि फुकटचा होतो. नेपल्सहून सोरेंटोकडे जाणारी लोकल म्हणजे चिर्कुमव्हेसुव्हियाना. तिच्यावर हर्क्युलेनियमसाठी 'एर्कोलानो स्काव्ही' आणि पॉम्पेईसाठी 'पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी' ही स्टेशनं लागतात. 'स्काव्ही' म्हणजे उत्खनन, तेवढा शब्द पाटीवर शोधा. पॉम्पेई नावाचं आजचं गावही आहे. तिथे सरकारी रेल्वेचं वेगळं स्टेशन आहे आणि चिर्कुमव्हेसुव्हियानाच्या दुसऱ्या मार्गावरचं आणखी एक. तिथे उतरलात तरी काही बिघडत नाही, थोडं चालावं लागेल इतकंच. सोरेंटोची गाडी आहे ना, एवढं चढण्याआधी विचारून घ्या.

गाडी जुनी, गर्दीची, उन्हाळ्यात तापलेली. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना त्यात नवीन काही नाही, फक्त पाकीट पुढच्या खिशात ठेवा. बहुतेक लोक नेपल्सच्या मुख्य स्टेशनालगतच्या गारिबाल्दीला चढतात. गाडी त्याच्या एक स्टेशन आधी, पोर्ता नोलानाहून सुटते. तिथून चढलात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त.

पॉम्पेई स्काव्हीला उतरलं की पोर्ता मरीनाचं प्रवेशद्वार समोरच. एर्कोलानोला मात्र स्टेशनपासून समुद्राच्या दिशेने दहा मिनिटं सरळ उतरत जायचं. परतताना तोच रस्ता चढायचा असतो हे पाय दुखत असताना लक्षात येतं.

तिकिटं आधी काढावीत का?

व्हेसुव्हियसचं तर आधीच काढा. विवरापर्यंतच्या वाटेची तिकिटं ऑनलाइन आणि ठरावीक वेळेची असतात. पायथ्याशी मोबाईलला रेंज नीट मिळत नाही आणि तिथे उभं राहून तिकीट काढायची धडपड करणारे पर्यटक रोज दिसतात. छोट्या बसच्या भाड्यात हे तिकीट धरलेलं आहे का, हेही चढण्याआधी विचारा. काही धरतात, काही नाही.

पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट किंवा त्याची प्रत जवळ हवी. तिकीट दोन प्रकारचं: एक फक्त शहराचं, दुसरं शहराबाहेरच्या वाड्यांसकट. थोडे जास्त पैसे मोजून दुसरं घ्या, कारण 'व्हिला ऑफ द मिस्ट्रीज'मधली लाल भिंतींवरची चित्रं त्यात येतात, आणि ती सोडणं म्हणजे अर्धं पॉम्पेई सोडणं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जाऊ नका. गर्दीत काहीही दिसत नाही.

मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला पॉम्पेई बंद असतं.

पॉम्पेईत नेमकं काय पाहायचं? सगळीकडे पडक्या भिंतीच दिसतात.

ही तक्रार खरी आहे. कुठलीही माहिती न घेता आत गेलात तर तासाभरात सगळी घरं सारखी दिसायला लागतात. त्यामुळे नावांची यादी हातात घेऊन फिरण्यापेक्षा शहर चालायचं कसं याकडे लक्ष द्या, मग भिंती वेगळ्या दिसतात.

सुरुवात रस्त्यापासून करा. दगडी फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. रस्ता ओलांडायला मधे मोठे उंच दगड ठेवलेत आणि त्यांच्यामधलं अंतर गाडीची चाकं निघतील एवढंच. हे दगड कशासाठी? तर रस्त्यावरून कारंज्यांचं जादा पाणी आणि घाण वाहायची. चौकाचौकांत पाण्याच्या दगडी टाक्या आहेत. त्यांच्या काठावर लोकांनी हात टेकून टेकून खळगे पाडलेत, ते आवर्जून बघा.

मग दुकानं. रस्त्याकडेच्या ओट्यात गोल तोंडाचे मातीचे रांजण बसवलेले दिसले की ते खाण्यापिण्याचं दुकान. घरी चूल नसलेली माणसं इथे येऊन खायची. २०२१ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं असं एक दुकान ओट्यावरच्या रंगीत चित्रांसाठी पाहण्यासारखं आहे. त्यावर बदकं आहेत आणि एक ऐटबाज कोंबडा. बेकऱ्यांत काळ्या लाव्हा-दगडाची कमरेएवढी जाती उभी आहेत. ती गाढवं किंवा गुलाम फिरवत. मोदेस्तुसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन सापडले, आठ फाकींचे आणि गोल. त्यातले काही नेपल्सच्या संग्रहालयात आहेत.

भिंतींवर लाल अक्षरात रंगवलेला मजकूर दिसेल. त्या निवडणुकीच्या जाहिराती आहेत: अमक्याला निवडून द्या, फळवाले त्याच्या पाठीशी आहेत, वगैरे. गावातल्या निवडणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना भाषांतराची गरज पडणार नाही.

घरांपैकी दोन चुकवू नका. 'हाउस ऑफ द फॉन' हे शहरातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक, अख्खा चौक व्यापणारं. अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं सुप्रसिद्ध मोझेक याच घरातल्या जमिनीचं, मूळ संग्रहालयात आणि इथे नक्कल. दुसरं वेत्तींचं घर, दीर्घ दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलेलं. वेत्ती हे गुलामीतून मुक्त झालेले आणि व्यापारात पैसा केलेले दोघे. नव्या श्रीमंतीचा थाट कसा असतो हे त्यांच्या भिंती सांगतात: मोकळी जागा म्हणून कुठे सोडलेली नाही.

शेवटी पूर्वेच्या टोकाला अँफिथिएटर. इसवी सनपूर्व ७० च्या सुमाराचं, म्हणजे रोमच्या कोलोसियमपेक्षा जवळजवळ दीडशे वर्षं जुनं. इसवी सन ५९ मध्ये खेळ चालू असताना पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाचे लोक यांच्यात इथे दंगल झाली आणि रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. इथपर्यंत फार कमी गट येतात, त्यामुळे दुपारी इथे शांतता असते.

लुपानार, म्हणजे वेश्यागृह, हे शहरातलं सर्वांत गर्दीचं ठिकाण आहे आणि आकाराने सर्वांत लहान ठिकाणांपैकी एक. रांग मोठी असेल तर सोडून द्या.

ती दगड झालेली माणसं खरी आहेत का?

माणसं खरी, दगड नाही. राखेत गाडले गेलेले देह कुजून गेले, पण भोवतीची राख तोवर कडक झाली होती, त्यामुळे देहाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ मध्ये उत्खननाचे प्रमुख ज्युसेप्पे फियोरेल्ली यांनी अशा पोकळ्यांमध्ये पातळ प्लास्टर ओतायला सुरुवात केली. ते सुकल्यावर भोवतीची राख काढली की माणूस उभा राहतो, कपड्यांच्या चुण्यांसकट. आत हाडं असतात. म्हणजे हे पुतळे आहेत आणि अवशेषही.

त्यांच्याबद्दल गाइड ज्या कहाण्या सांगतात त्या मात्र जपून ऐका. सोन्याचं कडं घातलेली आई आणि तिच्या मांडीवरचं मूल म्हणून एक जोडी पिढ्यान् पिढ्या दाखवली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात कळलं की कडं घातलेली व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. 'पळून जाणाऱ्यांची बाग' इथे १३ जणांचे साचे ते सापडले त्याच जागी काचेमागे ठेवलेत. तिथे सेल्फी काढणारेही असतात. आपण तरी काढू नये.

७९ साली नक्की झालं काय? लाव्हाने शहर गाडलं ना?

लाव्हाने नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज. पहिल्या दिवशी दुपारी डोंगरातून राख आणि वायूंचा खांब तीस किलोमीटरपेक्षा उंच गेला आणि वारा आग्नेयेकडे असल्याने पॉम्पेईवर प्युमिसचा पाऊस सुरू झाला. प्युमिस म्हणजे आत हवेच्या असंख्य पोकळ्या असलेला, हातात घेतला तर जाणवणारही नाही इतका हलका दगड. तो तासन् तास पडत राहिला. जवळजवळ तीन मीटरचा थर साचला, छपरं कोसळली, पण पळून जायला वेळ होता आणि अनेकजण गेलेही. जे घरात थांबले ते अडकले. रात्रीपासून हा खांब खचायला लागला आणि तापलेला वायू आणि राख यांचे लोट डोंगरउतारावरून जमिनीलगत सुटले. हर्क्युलेनियम पश्चिमेला असल्याने प्युमिसपासून वाचलं होतं, पण हे लोट आधी त्याच्यावर आले आणि ठिकठिकाणी वीस मीटर खोल गाडून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉम्पेईची पाळी आली.

हे इतकं तपशिलात कळतं याचं मोठं श्रेय धाकटा प्लिनी या रोमन लेखकाला. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, खाडीपलीकडच्या मिसेनुमला. त्याचा मामा थोरला प्लिनी तिथल्या आरमाराचा प्रमुख होता. तो जहाजं घेऊन लोकांना सोडवायला निघाला आणि स्ताबियाच्या किनाऱ्यावर मेला. भाच्याने पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रं हाच या घटनेचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत. अशा उद्रेकाला शास्त्रज्ञ आजही 'प्लिनियन' म्हणतात.

तारीख २४ ऑगस्ट अशी शाळेत शिकवली जाते. पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तीत १७ ऑक्टोबरची तारीख आहे. वर्ष लिहिलेलं नाही, पण कोळशाचं लिखाण सहसा फार काळ टिकत नाही. त्यामुळे उद्रेक शरद ऋतूतला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात.

व्हेसुव्हियसची चढण किती अवघड आहे?

सिंहगड पायी चढणाऱ्याला हसू येईल. बस १,००० मीटर उंचीपर्यंत नेते. तिथून विवराच्या काठापर्यंतची चढण दोनशे मीटरहूनही कमी, रुंद वाट, वीस ते तीस मिनिटं. डोंगराचं सर्वांत उंच टोक १,२८१ मीटर, पण नेहमीची वाट तिथवर जात नाही.

अडचण चढाची नसून वाटेची आहे. पायाखाली राखाडी-लाल भुरभुरीत खडी असते, दोन पावलं पुढे गेलं की अर्धं मागे सरकतं, आणि उतरताना घसरतं. सावली जवळपास नाही. चपला-सँडल नकोत, तळ धरणारे बूट घाला. पांढरे बूट पांढरे राहणार नाहीत. खाली काठ्या भाड्याने मिळतात, गुडघे कुरकुरत असतील तर घ्या. वर वारा जोरात असतो, त्यामुळे खाली घाम आणि वर हुडहुडी हे नेहमीचं. एक पातळ जॅकेट जवळ ठेवा. शौचालय बस थांबते त्या भागातच उरकून घ्या.

ढग, वादळी वारा किंवा बर्फ असेल तर वाट बंद ठेवतात, काही वेळा ऐन सकाळी. म्हणून डोंगर पहिल्या दिवशी ठरवा, दुसरा दिवस हाताशी राहतो.

वर लाव्हा दिसतो का?

नाही. सुमारे तीनशे मीटर खोल, साडेचारशे-पाचशे मीटर रुंद असं विवर दिसतं, त्याच्या कड्यांवर कुठे कुठे वाफेची धार. पेटता लाव्हा पाहायचा असेल तर सिसिलीतला एटना किंवा स्ट्रॉम्बोली बेट, तेही त्यांच्या मर्जीवर.

'लोणारसारखं आहे का?' असंही विचारतात. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालेलं आहे, ज्वालामुखीने नाही. ते १.८ किलोमीटर रुंद, पण व्हेसुव्हियसच्या मानाने उथळ. इथलं विवर अरुंद आणि खोल, आणि ज्या कड्यावर तुम्ही उभे असता त्याचा आजचा आकार १९४४ च्या उद्रेकातला आहे.

खरं सांगायचं तर विवराकडे पाठ करून उभं राहा. खाली नेपल्सची खाडी, काप्री बेट, आणि डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत घरंच घरं. ती घरं कुठवर चढून आलीत हे पाहिल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडतो.

मग पुन्हा पेटला तर? जाणं सुरक्षित आहे का?

ज्वालामुखी झोपलेला आहे, विझलेला नाही. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना झाला. सान सेबास्तियानो गावाचा बराच भाग लाव्हाखाली गेला आणि पायथ्याच्या विमानतळावरची अमेरिकेची डझनावारी बाँबफेकी विमानं तापलेल्या राखेने निकामी झाली. त्याआधीचा खरा भयंकर उद्रेक १६३१ चा, ज्यात हजारो लोक मेले.

आज डोंगरावर सतत नजर असते. व्हेसुव्हियसची वेधशाळा १८४१ मध्ये स्थापन झाली. ज्वालामुखीसाठी उभारलेली जगातली ती पहिली. उद्रेकाआधी भूकंप, जमिनीचा फुगवटा, वायूंमधले बदल अशी लक्षणं दिसतात आणि त्यावरून इशारा देता येईल असं गृहीत धरून 'लाल पट्टा', म्हणजे सर्वांत धोक्याचा भाग, रिकामा करण्याची योजना आखलेली आहे: सुमारे ७ लाख लोक, ७२ तासांत. पुण्या-मुंबईची वाहतूक पाहणाऱ्या कोणालाही हा आकडा अवघडच वाटेल. पर्यटक म्हणून तुमचा धोका नगण्य आहे. तिथे राहणाऱ्यांचा नाही.

सध्या शास्त्रज्ञांचं जास्त लक्ष व्हेसुव्हियसकडे नसून नेपल्सच्या पश्चिमेकडच्या कांपी फ्लेग्रेईकडे आहे. पोत्सुओली गावाखालची जमीन वर्षानुवर्षं वर उचलली जातेय आणि छोटे भूकंप होत असतात.

आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच ना? मग तो असा का नाही?

दगड पाहणाऱ्या ट्रेकरचा हा आवडता प्रश्न. सह्याद्रीचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा. तो लाव्हा पातळ होता, जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहत बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्या कड्यांना आडवे पट्टे दिसतात. व्हेसुव्हियस आफ्रिकेचा भूखंड युरोपाखाली सरकतो त्या पट्ट्यातला. त्याच्यातला शिलारस घट्ट आणि वायूंनी गच्च भरलेला, त्यामुळे तो दबून राहतो आणि मग फुटतो. एकाने पठार घडवलं, दुसरा शंकू रचतो आणि स्वतःच उडवतो. उत्तरेकडचा सोम्मा हा अर्धगोल कडा त्याच्याआधीच्या मोठ्या डोंगराचा उरलेला काठ.

पॉम्पेईत लक्ष्मीची मूर्ती सापडली हे खरं का?

मूर्ती खरी, 'लक्ष्मी' हे नाव वादातलं. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माययुरी यांना एका मध्यमवर्गीय घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. उंची सुमारे २५ सेंटीमीटर, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तळाशी खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतलं एक अक्षर कोरलेलं. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणजे ती एखाद्या वस्तूचा भाग असावी: आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात.

मराठी वाचकासाठी पुढचा भाग महत्त्वाचा. याच घडणीची हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाली आणि अशाच मूर्तीचा तुकडा जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात. त्यावरून पॉम्पेईची मूर्ती सातवाहनांच्या दख्खनमध्ये घडली असावी असं मत मांडलं गेलं. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी असल्याने सगळ्यांना ते पटत नाही. पण रस्ता तर होताच. तेर म्हणजे तेव्हाचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या 'पेरिप्लस' या वर्णनात तगर आणि पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जातो असं लिहिलंय, आणि कल्याण, चौल, सोपारा यांचीही नावं त्यात आहेत. उलट दिशेने आलेला माल पाहायचा तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे.

आणि हा व्यापार फायद्याचा नाही म्हणून कुरकुरणारा माणूस कोण, तर थोरला प्लिनी. भारत दर वर्षी आपल्या साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, असं त्याने लिहून ठेवलंय. तोच, जो पुढे व्हेसुव्हियसच्या राखेत मेला.

मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तीही कामुक वस्तूंच्या 'गुप्त दालना'त ठेवलेली. हे दालन कधी कधी बंद असतं, आत जाताना विचारा. संग्रहालय मंगळवारी बंद. तेरची मूर्ती तेरच्याच लामतुरे संग्रहालयात आहे. तुळजापूरला जाणाऱ्यांना वाट थोडीच वाकडी करावी लागते.

गाइड घ्यावा की ऑडिओ पुरतो?

पॉम्पेईत माणूस घ्या, निदान पहिले दोन तास. सरकारी परवाना असलेले गाइड दारातच मिळतात, परवाना बघून ठरवा. चार-पाच कुटुंबं मिळून घेतला तर परवडतो. हर्क्युलेनियमला ऑडिओ चालून जातं. व्हेसुव्हियसवर गरज नाही.

शाकाहारी माणसाचं काय?

नेपल्समध्ये उपाशी राहणं कठीण. मार्गेरिता पिझ्झा सगळ्यांना माहीत असतो. मारिनारा पिझ्झाचं नाव ऐकून मासे असतील असं वाटतं, पण त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच, चीजसुद्धा नाही. वांग्याची पार्मिजाना हीही हक्काची. सावध राहायचं ते न दिसणाऱ्या गोष्टींपासून: मिरी घातलेल्या तराल्ली या खारट, कडक बिस्किटांत डुकराची चरबी असते, पालेभाजीसोबत न सांगता सॉसेज येतं, राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांच्या पास्त्यात मांसाचा तुकडा टाकलेला असू शकतो. पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको. जैन मंडळींनी पुढे 'सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो' जोडावं, कांदा-लसणासाठी.

बिलात 'कोपेर्तो', म्हणजे टेबलाचा आकार, म्हणून माणशी एक-दोन युरो लागतात. ती फसवणूक नाही, तिथली रीतच आहे.

पॉम्पेईच्या आत फोरम या मुख्य चौकाजवळ एक कॅफे आहे, गर्दीचा. थेपले, दशम्या जवळ असतील तर उत्तम. पाणी विकत घेत बसू नका, रस्त्यांवरच्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीशी हे नेमकं जुळतं, तेवढं बरं. जुलै-ऑगस्टमध्ये पॉम्पेईत सावली नसते आणि दगड तापतात. हिवाळ्यात गर्दी कमी, पण दरवाजे लवकर बंद होतात आणि डोंगर ढगात असतो.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, मुलगा सहा वर्षांचा आहे. जमेल?

पॉम्पेईत अँफिथिएटरच्या दाराकडून सुरू होणारा सपाट मार्ग खास चाकाच्या खुर्चीसाठी केलेला आहे, आई-बाबांसाठी तोच धरा. बाकीच्या रस्त्यांवरचे दगड गुळगुळीत आणि उंचसखल आहेत, त्यामुळे घोट्यांची काळजी घ्या. व्हेसुव्हियसवर चाकाची खुर्ची किंवा मुलांची गाडी चालत नाही. रोज चालायची सवय असलेले आजोबा सावकाश चढून जातात, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर खालीच थांबावं.

मुलांना शहर आवडतं, विशेषतः दाराशी कुत्र्याचं मोझेक असलेलं घर. वेत्तींच्या घराच्या दाराशी आणि इतर काही भिंतींवर जी चित्रं आहेत त्यांवर प्रश्न येतील. रोमन लोक ती शुभचिन्हं मानत, एवढं उत्तर सहा वर्षांच्या मुलाला पुरतं.

व्हिसा वेगळा लागतो का?

नाही, नेहमीचा शेंगेन. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. उन्हाळी सुट्टीच्या तारखा लवकर भरतात, फेब्रुवारीत हालचाल करा.

आठवण म्हणून एखादा दगड आणला तर चालेल?

पॉम्पेईतून काहीही उचलणं हा गुन्हा आहे, मोझेकचा सुटा खडाही. उचलून नेणारे असतातच, आणि त्यातले काहीजण पुढे नशीब फिरलं म्हणून तो टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. अशी पार्सलं तिथे येत राहतात. व्हेसुव्हियस राष्ट्रीय उद्यान आहे, तिथलाही दगड तिथेच राहू द्या. लाव्हाचे छोटे तुकडे आणि त्यांचे दागिने खालच्या दुकानांत विकत मिळतात, भाव करून घ्या.